वाचकांचे प्रश्न : पैसे सत्राअखेरपर्यंत पुरवायचे कसे?

नवं सत्र सुरू झालं की या सदराकडे विद्यार्थ्यांची पत्रं वाढतात आणि त्यातली बरीचशी पैशांबद्दल असतात. मी वर्गात हिशेबशास्त्र शिकवलं आणि बरीच वर्षं कॉलेजच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणूनही काम पाहिलं. महिनाअखेरीला संकोचत दाराशी येऊन उभी राहणारी मुलं मी जवळून पाहिली आहेत. त्यातल्या बहुतेकांना बेरीज-वजाबाकी चांगली येत होती. अडत होतं ते दुसरीकडेच. म्हणून या वेळचं संपूर्ण सदर मी याच विषयाला दिलं आहे. पत्रं संक्षिप्त केली आहेत, आणि कोणाचीही ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, वसतिगृहात राहते. घरून दर महिन्याला पैसे येतात आणि वर्षातून दोनदा शिष्यवृत्ती जमा होते. मी आजवर अनेकदा बजेट बनवलं. खोली, मेस, प्रवास, फोन, इतर असे रकाने केले, ॲपमध्ये रोज नोंदी केल्या. सुरुवातीला छान चालतं, मग काहीतरी वेगळं निघतंच. गेल्या सत्रात परीक्षेचा फॉर्म, चष्मा, घरी जायचं तिकीट आणि मोबाईलची फुटलेली स्क्रीन. एकदा गणित बिघडलं की मी नोंदी करणंच सोडून देते. माझ्यात शिस्त नाही असं घरचे म्हणतात. खरंच तसं आहे का?

उत्तर : घरच्यांचं हे म्हणणं मला पटत नाही. इतके दिवस रोज बसून नोंदी करणाऱ्या मुलीला बेशिस्त कसं म्हणायचं? तू दिलेली खर्चांची यादीच पुन्हा एकदा वाच. परीक्षेचा फॉर्म दर सत्रात भरावा लागतो आणि त्याची तारीख कॉलेज आधीच लावतं. सुट्टीत तू घरी जातेसच. म्हणजे चारांपैकी दोन खर्च तुला तारखेसकट माहीत होते. चष्मा बदलावा लागेल किंवा फोन पडेल हे आधी सांगता येत नाही, पण एका सत्रात काहीतरी मोडतं, हरवतं किंवा दवाखान्याची पायरी चढावी लागते, हे मात्र धरून चालता येतं. तुझ्या पाच रकान्यांत यातल्या एकालाही जागा नव्हती. रकाने महिन्याचे होते आणि हे खर्च महिन्याच्या मापात बसत नाहीत.

ही चूक एकट्या तुझी नाही. ॲबिगेल सुसमन आणि ॲडम ऑल्टर या दोन संशोधकांनी 2012 साली नेमका याच गोष्टीचा अभ्यास मांडला होता. रोजच्या, ठरावीक खर्चांचा अंदाज लोक बऱ्यापैकी करतात. क्वचित होणाऱ्या खर्चांवर मिळून किती जाईल याचा अंदाज मात्र कमी धरतात, कारण असा प्रत्येक खर्च त्यांना सुटा, एकुलता एक वाटतो. यंदा चष्मा, पुढच्या वेळी प्रवास, त्यानंतर प्रोजेक्टची बांधणी. प्रत्येक वेळी आपण म्हणतो, एवढं एकदाच. सत्राअखेरीस बेरीज केली की कळतं, या ‘एकदाच’वाल्या खर्चांनीच बजेट मोडलं होतं.

महिन्याचं बजेट हे पगारदारांच्या सोयीचं माप आहे. पगार महिन्याला येतो, बिलं महिन्याला येतात. विद्यार्थ्याचं आयुष्य सत्रावर चालतं. शिष्यवृत्ती सत्राला, फी सत्राला, पुस्तकं सत्राच्या सुरुवातीला, प्रिंट आणि झेरॉक्स सत्राच्या शेवटी. म्हणून माझा आग्रह असा, की तू महिन्याचा तक्ता बाजूला ठेव आणि आधी कॅलेंडर घे.

भिंतीवरचं, डायरीतलं, फोनमधलं, कुठलंही चालेल. कॉलेजचं शैक्षणिक वेळापत्रक शेजारी ठेव आणि प्रत्येक तारखेपुढे पैशांचा प्रश्न विचार. फॉर्म कधी, प्रॅक्टिकलच्या जर्नल कधी, सहल किंवा क्षेत्रभेट आहे का, सुट्टी कधी लागते, परतीचं तिकीट किती दिवस आधी काढलं तर स्वस्त पडतं, जवळच्या मैत्रिणींचे वाढदिवस कोणत्या महिन्यात येतात, वसतिगृहाचं डिपॉझिट परत मिळणार आहे का आणि केव्हा. मागच्या सत्राच्या ॲपमधल्या नोंदी आहेतच तुझ्याकडे. त्या अर्धवट असल्या तरी फार कामाच्या आहेत. त्यातून ‘इतर’ या रकान्यात काय काय पडलं होतं ते वेचून काढ. या कामाला एक संपूर्ण संध्याकाळ लागेल, ती दे. बजेटमधलं सगळ्यांत महत्त्वाचं काम हेच आहे. पुढचं सगळं भागाकार आहे.

तो भागाकार करून दाखवते. प्रत्येकाची रक्कम वेगळी, म्हणून मी पैशांऐवजी भाग धरते. समज, सहा महिन्यांत घरून येणारे आणि शिष्यवृत्तीचे मिळून तुझ्याकडे 1000 भाग येणार आहेत. खोली, मेस, फोन, पास असे न चुकणारे खर्च सहा महिन्यांचे 640 भाग. कॅलेंडरवरच्या तारीखवार खर्चांची बेरीज 126 भाग. उरले 234. त्यातले 26 भाग न सांगता येणाऱ्या खर्चांसाठी राखीव ठेव, म्हणजे चष्मा आणि स्क्रीनसाठी. आता 208 उरले. सहा महिन्यांचे आठवडे 26, म्हणजे आठवड्याला 8 भाग.

हा 8 भागांचा आकडा तुझा स्वतःचा खर्च. कॅन्टीन, रिक्षा, सिनेमा, एखादा ड्रेस, मैत्रिणीबरोबरचा दिवस, सगळं यात. त्यात आणखी रकाने पाडू नकोस. कशावर किती गेले याची नोंद ठेवायची असेल तर ठेव, पण बंधन एकाच आकड्याचं. ज्याला एकच आकडा सांभाळायचा आहे, त्याचा तो डोक्यात राहतो. बारा रकान्यांचं बजेट डोक्यात राहत नाही, दर वेळी ॲप उघडावं लागतं आणि दुकानात उभं असताना ते कोणीच उघडत नाही.

आता तुझ्या खऱ्या अडचणीकडे येते. गणित बिघडलं की तू सोडून देतेस. मी सांगते ती पद्धत बिघडू शकत नाही, कारण ती दर आठवड्याला नव्याने मांडायची असते. राखीव आणि तारीखवार खर्चांचे पैसे बाजूला ठेवून स्वतःच्या खर्चाचे जे उरले असतील, त्यांना उरलेल्या आठवड्यांनी भाग. बस्स. सहा आठवडे झाले, 48 भाग खर्च व्हायला हवे होते आणि तुझे 58 झाले. उरले 150, आठवडे 20, म्हणजे आता आठवड्याला साडेसात. आठाचे साडेसात झाले. त्यात हातपाय गाळण्यासारखं काही नाही. मागच्या आठवड्याचा दोष पुढच्या एकाच आठवड्याच्या डोक्यावर टाकायचा नाही, तो सगळ्यांत वाटून द्यायचा. मी ज्या मुलांना हे शिकवलं, ती यामुळेच टिकून राहिली असं मला वाटतं. चुकल्यावर परत यायचा रस्ता त्यांच्यापुढे उघडा असायचा.

दोन बारीक गोष्टी. शिष्यवृत्ती जमा होते त्या आठवड्यात आपण श्रीमंत झालो असं वाटतं. रिचर्ड थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांच्या कामाचा एक मोठा भाग याबद्दलच आहे : पैसा सगळा सारखाच असला तरी माणूस मनात त्याचे वेगवेगळे कप्पे करतो आणि त्या त्या कप्प्याप्रमाणे वागतो. एकदम आलेली रक्कम मनात ‘बक्षिसा’च्या कप्प्यात जाते. ती जमा होईल त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात वळव आणि तिथून दर आठवड्याला 8 भाग रोजच्या खात्यात घे. बँकेच्या ॲपमध्ये असं आपोआप होण्याची सोय असेल तर ती लावून टाक.

दुसरी गोष्ट, तुझा आठवडा सोमवारी सुरू करू नकोस. शुक्रवारी कर. विद्यार्थ्यांचा जास्त खर्च सुट्टीच्या दिवशी होतो. पैसे शुक्रवारी आले तर सुट्टी मोकळेपणाने जाते आणि टंचाई आलीच तर ती मंगळवार-बुधवारी येते, जेव्हा तू तशीही वर्गात आणि ग्रंथालयात असतेस. सोमवारी सुरू केलेल्या आठवड्यात टंचाई नेमकी शनिवारी येते, सगळे बाहेर निघालेले असताना. त्या दिवशी कोणाचंही बजेट मोडेल.

प्रश्न : मी सगळीकडे पन्नास-तीस-वीसचा नियम वाचतो. गरजांना 50 टक्के, आवडीनिवडींना 30 आणि बचतीला 20. माझी खोली आणि जेवण यांतच 70 टक्के जातात. बचत शून्य. माझं चुकतंय का?

उत्तर : तुझं काही चुकत नाही, तो नियम तुझ्यासाठी केलेला नाही. एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरेन त्यागी यांनी 2005 सालच्या पुस्तकातून तो लोकप्रिय केला. वॉरेन पुढे अमेरिकेच्या सिनेटर झाल्या, पण त्या वेळी त्या कायद्याच्या प्राध्यापक होत्या आणि कर्जात बुडून दिवाळखोरी जाहीर करणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास करत होत्या. घरात नियमित कमाई आहे, कर वजा होऊन पैसे हातात येतात आणि पुढे म्हातारपणाची तरतूद करायची आहे, अशा कमावत्या माणसांसाठी ही वाटणी होती.

तू सध्या शिकतो आहेस. खोली आणि जेवण हे 70 टक्केच असतील तर ते 70 टक्केच लिही. खोली बदलून ते कमी होत असतील तर जरूर विचार कर, पण टक्केवारी जुळावी म्हणून जेवण कापू नकोस. हे मी कळकळीने सांगते आहे. वसतिगृहात मी पहिली काटकसर ताटात होताना पाहिली आहे, आणि तिची किंमत परीक्षेच्या महिन्यात आजारपणाने मोजावी लागताना पाहिली आहे. वरच्या पत्रात सांगितला तेवढा छोटा राखीव निधी ठेव. तो वापरावा लागला नाही तर सत्राअखेर तीच तुझी बचत.

प्रश्न : माझी मुलगी पहिल्यांदाच शिकायला बाहेर राहते आहे. दर महिन्याला किती पाठवावे आणि तिच्याकडून हिशेब मागावा का, यावरून आम्हा दोघांत मतभेद आहेत. पत्नीचं म्हणणं, मागेल तेव्हा पाठवावे. माझं म्हणणं, प्रत्येक खर्चाची नोंद तिने दाखवावी.

उत्तर : दोघांच्या म्हणण्यामागची काळजी मला कळते, तरी मी दोन्ही करू नका असंच सांगेन.

मागेल तेव्हा पैसे मिळाले तर तिला कशाचाही अंदाज करावा लागत नाही, आणि अंदाज करायला शिकण्याची हीच वेळ आहे. शिवाय काही मुली मागतच नाहीत. घरची ओढाताण माहीत असलेली मुलगी दर वेळी फोन उचलताना दहा वेळा विचार करते आणि मैत्रिणीकडून उसने घेते. ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला गेली तर तिला ते ओझं राहत नाही.

प्रत्येक नोंद तपासण्याबद्दल सांगायचं तर, तपासणीसाठी लिहिलेला हिशेब हा दाखवण्यापुरता होतो. जे खर्च तुम्हाला आवडणार नाहीत असं तिला वाटेल, ते ‘पुस्तकं’ आणि ‘प्रवास’ यांत दडतील. मग तिच्या हातातही खरा हिशेब उरत नाही, आणि तो तिच्याच उपयोगाचा होता. तुम्ही महिन्यातून एकदा एवढंच विचारा : सत्र संपेपर्यंत पुरतील ना? तिचं उत्तर नाही असं आलं तर रागावू नका, दोघं मिळून आकडे मांडा. या एका प्रश्नाला तिने खरं उत्तर द्यावं, यासाठी जे काही करावं लागेल ते करा.

किती पाठवायचे, हा आकडा तिच्याबरोबर बसून काढा. पहिलं सत्र अंदाजाने जाऊ द्या. दुसऱ्या सत्रापासून खोलीचे आणि मेसचे पैसेसुद्धा परस्पर भरण्याऐवजी तिच्या खात्यात पाठवा आणि ते तिला भरू द्या. मोठी रक्कम हातात येऊन ती आपली नाही, हा अनुभव किरकोळ खर्चाच्या पैशांतून मिळत नाही. आणि घरची परिस्थिती तिला आकड्यांत सांगा. मुलांना परिस्थितीची भीती वाटते ती बहुधा आकडा माहीत नसतो म्हणून.

प्रश्न : मी सगळे पैसे फोनवरूनच देतो. कुठे जातात कळतही नाही. पुन्हा रोखीने व्यवहार करावा का? आणि हिशेबासाठी वही चांगली की ॲप?

उत्तर : पैसे देताना जी बारीकशी कळ लागते, ती रोखीत जास्त लागते, हे खरं आहे. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्राध्यापकांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे, तो 2001 साली छापून आला. बास्केटबॉलच्या एका सामन्याची सगळी तिकिटं संपली होती. त्या तिकिटांवर त्यांनी विद्यार्थ्यांना बोली लावायला सांगितली. काहींना सांगितलं, पैसे रोख द्यायचे. काहींना सांगितलं, क्रेडिट कार्डाने द्यायचे. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट निघाली. तिकीट तेच, विद्यार्थी त्याच कॉलेजचे. हा प्रयोग कार्डांचा होता, फोनवरून खात्यातले पैसे लगेच कापले जातात, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा तुला लावू नकोस. नोटा मोजून देण्यात जो एक क्षणाचा विचार होतो, तो मात्र फोनवर होत नाही, हे तूच लिहिलं आहेस.

तरी पूर्ण रोखीकडे वळ असं मी म्हणणार नाही. वसतिगृहात रोकड सांभाळणं त्रासाचं असतं, आणि फोनवरच्या व्यवहाराची आपोआप नोंद राहते हा मोठाच फायदा आहे. तू एवढं कर : रोजच्या खर्चाचं खातं वेगळं ठेव, त्यात फक्त त्या आठवड्याचे पैसे असू देत, आणि फोनवरून पैसे देण्याची सोय त्या एकाच खात्याला जोड. शिल्लक संपली की व्यवहार अडेल. रोख पैशांचं पाकीट रिकामं झाल्यावर होतं तेच इथे होईल. प्रत्येक व्यवहारानंतर शिल्लक दाखवणारा संदेश बंद केला असशील तर तो आधी सुरू कर.

वहीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आठवड्याचा आढावा हाताने लिही. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी 1904 साली घरखर्चाची एक छापील वही काढली. तिला काकेबो म्हणतात आणि अशा वह्या तिथे अजूनही निघतात. त्या पद्धतीत खर्च लिहिताना मला हे खरंच हवं होतं का, असं स्वतःला विचारलं जातं. ॲप बेरीज चोख करतं, पण हा प्रश्न लिहिणाऱ्या हातालाच पडतो. रोजच्या नोंदी बँकेकडे आहेतच. तू गुरुवारी रात्री दहा मिनिटं बसून त्यातले मोठे पाच खर्च वहीत उतरव आणि ज्याचा पश्चात्ताप होतो त्यापुढे खूण कर. तीच ती खूण पुन्हा पुन्हा एकाच प्रकारच्या खर्चापुढे येऊ लागली की कुठे आवरायचं ते तुला कोणी सांगावं लागणार नाही.

प्रश्न : मैत्रिणींबरोबर बाहेर गेले की बिल सारखं वाटलं जातं. मी कमी घेते तरी तेवढेच द्यावे लागतात. नाही म्हटलं तर वाईट दिसतं. शिवाय दोघींनी उसने घेतलेले पैसे परत आलेले नाहीत.

उत्तर : नाही म्हणायला वाक्य तयार असावं लागतं, ऐन वेळी सुचत नाही. बिल आल्यावर काही बोलू नकोस. निघण्याआधी बोल. “आज आपण टीटीएमएम करू या, माझा या आठवड्याचा आकडा संपत आलाय.” आठवड्याचा आकडा म्हटल्याने गोष्ट तुझ्या गरिबीची किंवा चिकूपणाची राहत नाही, तुझ्या नियमाची होते. दहा जणींच्या घोळक्यात असं वाक्य एकीने म्हटलं की मनातून सुटका झालेल्या आणखी दोघी-तिघी असतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मधून मधून भेटायची जागा तूच सुचव, बिनखर्चाची. जी मैत्री बागेत बसून टिकते तिला बिलाची भीती नाही.

उसने दिलेले पैसे ज्या दिवशी दिलेस त्याच दिवशी खर्च म्हणून लिही आणि परत येतील त्या दिवशी जमा कर. मधल्या काळात ते तुझे आहेत असं धरून काहीही ठरवू नकोस. आठवड्याच्या पैशांतून जमेल तेवढंच उसने दे, राखीव निधीतून कधीच नाही. आणि मागायला लाजू नकोस. “फॉर्मची तारीख जवळ आली आहे, त्याआधी देशील का?” एवढं पुरतं. कारण आणि तारीख दोन्ही सांगितलं की मागणं कडू होत नाही.

प्रश्न : मी शिकवण्या घेऊन शिकतो. कमाई दर महिन्याला वेगळी. मग बजेट कसं करायचं?

उत्तर : मागच्या सहा-आठ महिन्यांतली सगळ्यांत कमी कमाई घे आणि तीच दर महिन्याची धर. जास्त आले तर ते आधी राखीव निधीत आणि मग कॅलेंडरवरच्या पुढच्या तारखेकडे वळव. तुझ्या स्वतःच्या परीक्षेच्या महिन्यात शिकवण्या कमी होतील, हेही कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेव. त्या महिन्याचे पैसे त्याआधीच्या महिन्यांतून काढायचे आहेत.

प्रश्न : मॅडम, तुमचं सदर माझ्यासारख्याला उपयोगी पडेल का माहीत नाही. मी आधीच कर्जात आहे. क्रेडिट कार्ड आहे, ‘आता घ्या, नंतर पैसे द्या’वाली दोन ॲप आहेत आणि मित्रांचेही देणे आहेत. कार्डाची किमान रक्कम मी दर महिन्याला न चुकता भरतो, तरी आकडा हलत नाही. घरी सांगायची हिंमत नाही. सत्राची फी पुढच्या महिन्यात आहे.

उत्तर : सदर तुझ्यासाठीच आहे. तू लिहिलंस हे फार चांगलं केलंस.

आकडा का हलत नाही ते आधी दाखवते, म्हणजे स्वतःला दोष देणं थांबेल. कार्डाचं व्याज महिन्याला 3 टक्के आणि किमान भरणा थकबाकीच्या 5 टक्के असं धरू. तुझ्या कार्डाचे दर विवरणपत्रावर छापलेले असतात, ते बघून तेच गणित कर. 100 भाग देणं आहे आणि तू नवीन काहीच खरेदी करत नाहीस. पहिल्या महिन्यात व्याज धरून 103 झाले, त्यावर तू 5 पेक्षा थोडे जास्त भरलेस आणि उरले सुमारे 98. असं वर्षभर इमानदारीने केलंस तर तू एकूण 55 भाग भरलेले असतील आणि देणं मात्र 100 वरून 77 वर आलेलं असेल. मधले 32 भाग व्याजात गेले. महिन्याला 3 टक्के ऐकायला थोडे वाटतात, चक्रवाढीने ते वर्षाला साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातात. किमान रक्कम भरल्याने दंड टळतो, कर्ज जवळपास तसंच राहतं.

म्हणून आज ही कामं कर. कार्डाने नवी खरेदी पूर्ण थांबव, कारण बहुतेक कार्डांवर जुनी थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ज्या ॲपवर आणि साइटवर कार्डाचा नंबर साठवलेला आहे तिथून तो काढून टाक. ‘नंतर द्या’वाली दोन्ही ॲप उघडून हप्त्यांच्या तारखा एका कागदावर लिही, कारण तिथे एक तारीख हुकली की दंड लागतो. मग सगळ्या देण्यांची यादी व्याजाच्या क्रमाने लाव. सगळीकडे किमान तेवढं भर आणि वर जे काही उरेल ते सगळं सर्वांत जास्त व्याजाच्या देण्यावर टाक. ते फिटलं की पुढचं.

मित्रांना व्याज नसतं, म्हणून ते यादीत खाली येतील. पण त्यांना गप्प बसून टाळू नकोस. प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटून एक खरी तारीख सांग, लांबची असली तरी चालेल.

फीसाठी कार्डाला हात लावू नकोस, आणि त्यासाठी आणखी एखादं ॲपही नको. मुदत संपायच्या आधी कॉलेजच्या कार्यालयात लेखी अर्ज दे : फी हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी. अर्जात कारण दोन ओळींत, आणि किती हप्ते, कोणत्या तारखांना, हे तूच लिही. अर्जाची पोच घे. विद्यार्थी कल्याण निधी किंवा गरजूंसाठी काही मदत आहे का, तेही तिथेच विचार. ही सोय अनेक ठिकाणी असते आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मुदतीआधी आलेल्या मुलाचा अर्ज ज्या नजरेने वाचला जातो, त्या नजरेने मुदतीनंतरचा वाचला जात नाही. मी टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे, म्हणून खात्रीने सांगते.

आणि घरी सांग. फोनवर नको, समोर बसून सांग. जाताना दोन कागद ने : एकावर देण्यांची यादी, दुसऱ्यावर ती कशी फेडणार याच्या तारखा. रागावतील, कदाचित फार रागावतील. तरी वसुलीचा फोन घरी जाण्याआधी तुझ्या तोंडून कळणं केव्हाही बरं. आई-वडिलांना एकदम सांगणं अशक्य वाटत असेल तर मोठ्या भावंडाला किंवा ज्या काका-मावशीशी तुझं पटतं त्यांना आधी सांग आणि त्यांना सोबत घेऊन जा.

पहिली यादी करशील तेव्हा ती मला पाठव. प्रत्येक देण्याची रक्कम, व्याज आणि पुढची तारीख एवढंच लिही. त्याचं उत्तर मी पुढच्या अंकाची वाट न पाहता थेट तुला पाठवेन.